मॅपवरची जागा गटाच्या नावावर



आम्ही सोलापूर-अक्कलकोट रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. आम्ही ११ जणी आहोत. ज्वारी-बाजरीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि काळा मसाला हा आमचा माल. भाकरी कशी थापायची नि चटणी किती कुटायची, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. आज बोलायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीवर. आपला माल चांगला असतो, भावही वाजवी असतो, तरी नव्या गिऱ्हाइकाला आपलं दुकान सापडत नाही. ते सापडावं कसं, आणि सापडल्यावर त्याचा फायदा आपल्याच हातात राहावा कसा, हे आज पाहू.

आधी वाट विचारायला माणसं असायची. एसटी स्टँडवरचा चहावाला, फाट्यावरचा पंक्चरवाला, देवळाबाहेरची हारवाली. आता गाडीतला माणूस काच खालीसुद्धा करत नाही. आमच्या भागातून अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला रोज गाड्या जातात. कुणी तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर एकाच फेरीत करतं, कुणी पंढरपूरही जोडून घेतं. परत जाताना घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी सोलापूरची चटणी न्यायची असतेच. मग गाडीत बसूनच फोनला विचारतात, ‘जवळपास शेंगा चटणी कुठे मिळेल?’ बोलून मराठीत विचारलं तरी गूगलला कळतं, २०१७ पासून ती सोय आहे. फोन लगेच दोन-तीन नावं दाखवतो, सोबत फोटो, स्टार आणि रस्ता. गाडी त्यातल्याच एका ठिकाणी वळते. फाट्यावरचा आपला बोर्ड दिसेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते.

हे फक्त देवदर्शनाच्या रस्त्यावर होतं असं समजू नका. तालुक्याच्या गावी बदलून आलेली शिक्षिका शिवणकाम करणारी बाई फोनवर शोधते. लग्नघरचे लोक पापड-कुरड्यांसाठी फोनवर शोधतात. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात तुमचा मसाला घेऊन गेलेली बाई पाकीट संपल्यावर तुमच्या गटाचं नाव फोनवर टाकून बघते. तिथे काहीच दिसलं नाही, तर ती दुसऱ्याचा मसाला घेते. तिचा तुमच्यावर राग नसतो. तिला तुम्ही दिसतच नाही, एवढंच.

फोन कुणाचं नाव आधी दाखवतो?

समजा, गावात नवीन आलेली सून तुम्हाला विचारते, ‘मावशी, ब्लाउज चांगला कोण शिवतं?’ तुम्ही मनात तीन गोष्टी बघता. एक, ब्लाउज शिवणारी कोण आहे. दुसरी, तिच्या घरापासून जवळ कोण आहे. तिसरी, कुणाच्या हाताला नाव आहे, चार बाया कुणाबद्दल बरं बोलतात. गूगलचा मॅपही याच तीन गोष्टी बघतो. विचारलेल्या गोष्टीशी तुमचं काम जुळतं का, तुम्ही किती लांब आहात आणि लोकांत तुमची किती ओळख आहे.

यातलं अंतर आपल्या हातात नाही. आपलं गाव आहे तिथेच राहणार. उरलेल्या दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. आणि एक गोष्ट आत्ताच पदराला गाठ मारून ठेवा. मॅपवर नाव नोंदवायला एक रुपयाही लागत नाही, आणि या यादीत नाव वर आणून द्यायचे पैसे गूगल घेत नाही. जाहिरात वेगळी असते, तिचे पैसे पडतात आणि ती जाहिरात असल्याचं तिच्यावर लिहिलेलं असतं. आपण बोलतोय ती साधी, फुकट नोंद. तिला म्हणतात गूगल बिझनेस प्रोफाइल. आपण तिला नोंदच म्हणू.

खातं कुणाचं?

ही नोंद करायला एक जीमेलचं खातं लागतं. इथेच सगळ्यात मोठी गोष्ट ठरते, आणि इथेच बहुतेक जणी घाई करतात. ज्याच्या जीमेलवर नोंद, तो त्या नोंदीचा मालक. मग दुकान कुणाचंही असो.

आमच्या माहितीतल्या एका गटाचं सांगतो. नाव सांगत नाही. त्यांच्या मसाल्याची नोंद तालुक्यातल्या एका कॉम्प्युटरवाल्यानं करून दिली. खातं त्याचं, त्यावर दिलेला फोन नंबरही त्याचाच. ‘तुम्हाला कशाला त्रास, ऑर्डर आली की मी कळवतो,’ असं म्हणाला. पहिले काही महिने कळवलंही. मग ऑर्डर कमी झाल्या. बायांना वाटलं, मंदी आहे. पुढे एक गिऱ्हाईक बाई पाकीट हातात घेऊन थेट गावात आली नि म्हणाली, ‘मागच्या खेपेचा मसाला तुमचा नव्हता वाटतं, चव निराळी होती.’ फोटो या गटाचे, स्टार या गटाच्या मसाल्याला पडलेले, आणि माल जात होता दुसऱ्याच कुणाचा. बायांच्या हातची चव चोरता येत नव्हती, पण त्यांचं नाव चोरलं गेलं होतं. त्यांनी मग स्वतःच्या खात्यावरून गूगलकडे मालकीची मागणी केली. ती सोय असते. आधीच्या मालकाला उत्तर द्यायला काही दिवसांची मुदत मिळते. नोंद परत मिळाली, पण मधल्या काळात गेलेली गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत.

प्रत्येक वेळी माणूस लबाडच असतो असं नाही. पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा चांगल्या मनानं नोंद करून देतो. मग तो नोकरीला पुण्याला जातो, फोन बदलतो, पासवर्ड विसरतो. दुकानाची वेळ बदलायची तर त्याला सुट्टी मिळायची वाट बघायची.

आपण गटाचं बँकेचं खातं काढतो तेव्हा सह्या कुणाच्या, ते बैठकीत ठरवतो, ठराव लिहितो. मॅपच्या नोंदीचंही तसंच करा. गटाच्या नावानं नवीन जीमेल खातं काढा. त्याला जोडलेला फोन नंबर गटाचा असू द्या. जमलं तर त्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्या, महिन्याचा रिचार्ज गटाच्या खर्चात धरा. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि गटाच्या पेटीत ठेवा. नोंदीवर एकीपेक्षा जास्त जणींना मालक करता येतं, तेव्हा अध्यक्ष आणि सचिव दोघींनाही मालक करा. फोटो टाकायला मुलगी किंवा पुतण्या मदत करणार असेल तर त्याला मॅनेजर म्हणून जोडा. मॅनेजरला कामं करता येतात, पण त्याला काढायचा हक्क मालकाकडे राहतो. पदाधिकारी बदलल्या की बँकेतल्या सह्यांबरोबर हेही बदला आणि बैठकीच्या वहीत लिहा.

नोंद भरताना

आता नोंदीत काय काय भरायचं ते बघू.

पहिलं नाव. दुकानाच्या बोर्डावर किंवा पाकिटावर जे नाव आहे, तेच लिहायचं. काही जण नावापुढे ‘सोलापूरची सर्वात उत्तम शेंगा चटणी, कडक भाकरी, घरपोच’ अशी शेपूट लावतात. हे नियमात बसत नाही, आणि त्यापायी नोंद बंद होऊ शकते. तुम्ही काय विकता ते सांगायला पुढे वेगळ्या जागा आहेत.

दुसरा प्रकार, म्हणजे तुमचा धंदा कुठल्या जातीचा. एक मुख्य प्रकार निवडायचा, त्याशिवाय आणखी ९ निवडता येतात. मुख्य प्रकार विचार करून निवडा. जुळणी ठरते त्यात याचा मोठा वाटा असतो. शिवणकाम करणारीनं नुसतं ‘दुकान’ निवडलं, तर ब्लाउज शोधणारीला ती दिसायची कशी? आणि जे काम आपण करत नाही त्याचा प्रकार टाकू नका. आलेलं गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं, तर त्याचा राग स्टारमध्ये उतरतो.

तिसरी जागा. गावात घराला नंबर असतो, पण त्या नंबरावरून पाहुणासुद्धा येत नाही. म्हणून मॅपवरची खूण नेमकी लावायची. दुकानाच्या दारात उभं राहून, फोनचं लोकेशन चालू करून खूण आपल्या छपरावर सरकवा. मॅपवर आपल्या छपरावर बोट दाबून धरलं की अक्षरं आणि आकड्यांचा एक छोटा कोड दिसतो, मध्ये अधिकचं चिन्ह असतं. त्याला प्लस कोड म्हणतात. तो फुकट असतो. ज्या वाडीला, वस्तीला धड पत्ता नाही, तिथेही तो चालतो. तो गावाच्या नावासह पाकिटावर छापा, व्हॉट्सॲपवर पाठवा. आणि मोठ्या रस्त्याला जवळ दिसावं म्हणून खूण फाट्यावरच्या पाहुण्यांच्या दुकानावर लावू नका. माणूस तिथे जाऊन उभा राहतो, आपण सापडत नाही, आणि तक्रार होते.

पण आपल्यातल्या कितीतरी जणी घरातूनच काम करतात. घरी दुपारी एकटी सून असते, अनोळखी माणसं दारात नको असतात. त्यांच्यासाठीही सोय आहे. आपण स्वतः गिऱ्हाइकाकडे जाऊन माल देत असू किंवा सेवा देत असू, तर घराचा पत्ता लोकांना दिसणार नाही असं करता येतं. त्याऐवजी आपण कुठल्या कुठल्या गावांत जातो ते लिहायचं. अशी २० ठिकाणं देता येतात. मात्र गिऱ्हाईक समोरासमोर कधीच भेटत नसेल, सगळा माल फक्त कुरिअरनं जात असेल, तर ही नोंद त्या धंद्यासाठी नाही.

चौथा फोन नंबर आणि वेळ. नंबर कुणाच्या घरात राहणार, कोण उचलणार, याची पाळी लावा. घरातल्या पुरुषाचा नंबर दिला की ऑर्डर त्याच्या खिशात जाते, आणि तो शेतावर असला की कुणीच उचलत नाही. आपला खासगी नंबर दिला की रात्री-अपरात्री नको ते फोन येतात. म्हणून गटाचा वेगळा नंबर बरा. त्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं, तर ‘आम्ही सकाळी ९ वाजता उत्तर देऊ’ असा निरोप आपोआप जातो. वेळ लिहिताना जी पाळता येईल तीच लिहा. खुरपणीच्या दिवसांत दुकान दुपारनंतर उघडत असेल तर तसं लिहा. सणावारी वेगळी वेळ टाकायची सोय आहे. आमच्याकडे स्वामींचा प्रकटदिन आणि गुरुपौर्णिमा हे गर्दीचे दिवस. तुमच्याकडे जत्रा असेल, उरूस असेल, आषाढी असेल. ज्या दिवशी गाड्या सगळ्यात जास्त, त्याच दिवशी मॅपवर ‘बंद’ दिसलं तर वर्षाचा धंदा बुडतो.

पाचवी आपली माहिती. ७५० अक्षरांपर्यंत लिहिता येतं. एवढी मोठी जाहिरात नको. गिऱ्हाईक जे विचारतं तेच लिहा. चटणी उखळात कुटलेली की मिक्सरमधली? तिखट किती? भाकरी किती दिवस टिकते? गाडी दारापर्यंत येते का? खाली मालाची यादी भावासकट टाका. नावं मराठीत लिहा, शेजारी इंग्रजी अक्षरांतही लिहा, कारण मराठी माणूससुद्धा पुष्कळदा इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयची नोंदणी आणि पाकिटावर तिचा क्रमांक हवाच. तो कायदाही आहे, आणि लांबच्या गिऱ्हाइकाला त्यानं भरवसाही वाटतो.

सहावे फोटो. सकाळच्या उजेडात, ओसरीवर काढलेला साधा फोटो रात्रीच्या दिव्याखालच्या फोटोपेक्षा चांगला येतो. एक फोटो रस्त्यावरून दुकान कसं दिसतं त्याचा हवाच, म्हणजे माणूस पुढे निघून जात नाही. एक मालाचा, एक काम चालू असतानाचा. फोटोत ज्या बाईचा चेहरा येणार तिला आधी विचारा. दुसऱ्याच्या भाकरीचा फोटो उचलून टाकू नका. आपली भाकरी थोडी वाकडी असली तरी आपलीच दिसू द्या.

खरेपणाची पडताळणी

एवढं भरलं तरी नोंद लगेच सगळ्यांना दिसत नाही. हे दुकान खरंच आहे का आणि तुमचंच आहे का, हे गूगल तपासतं. कधी फोनवर कोड येतो, कधी व्हिडिओ मागतात. काय मागायचं ते गूगल ठरवतं, आपल्याला निवडता येत नाही.

व्हिडिओ मागितला तर घाबरू नका. तो एका दमात, मध्ये न थांबवता घ्यायचा, निदान अर्ध्या मिनिटाचा. आधी रस्ता, शेजारचं देऊळ किंवा शाळा दाखवा. मग आपला बोर्ड, मग आतलं सामान, म्हणजे तवे, उखळ, वजनकाटा, पाकिटं. शेवटी दुकान आपलंच आहे हे दिसेल असं काही, जसं स्वतःच्या किल्लीनं कुलूप उघडणं. माणसांचे चेहरे, आधार कार्ड, पासबुक यातलं काही दाखवायचं नाही. आमच्या गटातली जी बाई फोनला हात लावायला लाजायची, तिच्याकडेच किल्ली होती. म्हणून तिनंच पुढे होऊन कुलूप उघडलं, नि दुसरीनं व्हिडिओ घेतला. उत्तर यायला साधारण आठवडा धरून चाला. नापास झालं तर पुन्हा पाठवता येतो.

स्टार आणि चार शब्द

आता तिसरी गोष्ट, ओळख. गिऱ्हाईक नोंदीवर स्टार देतं आणि दोन ओळी लिहितं. नवा माणूस आधी तेच वाचतो. हे स्टार मागायचे कसे?

सरळ मागायचे. माल हातात देताना म्हणायचं, ‘ताई, चटणी आवडली तर नाही आवडली तर, मॅपवर दोन शब्द लिहा.’ नोंदीतून एक चौकोनी क्यूआर कोड मिळतो. तो छापून वजनकाट्याजवळ चिकटवा. पैसे द्यायच्या कोडशेजारी लावू नका, लोकांचा गोंधळ होतो.

काय करायचं नाही तेही ऐका. पाच स्टार दिले तर पाकिटामागे १० रुपये सूट, असं करायचं नाही. ते नियमाविरुद्ध आहे. गटातल्या सगळ्या जणींनी आपल्याच दुकानाला स्टार द्यायचे नाहीत. पैसे घेऊन शंभर स्टार आणून देणारे लोक भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. असे खोटे स्टार गूगल काढून टाकतं, आणि सोबत आपलं नावही खराब होतं. आणि खरं सांगायचं तर ‘छान, उत्तम’ अशा पन्नास ओळींपेक्षा ‘गाडी लावायला जागा आहे, चटणी झणझणीत आहे, मुलांसाठी कमी तिखट मिळते’ अशी एक ओळ गिऱ्हाइकाला जास्त सांगते.

कधी कुणी वाईट लिहील. ते वाचून पोटात गोळा येतो. सगळ्या दिवसाची मेहनत आणि वर एक स्टार. तरी लगेच उत्तर लिहू नका. बैठकीत वाचा, खरं काय झालं ते बघा, मग दोन ओळी लिहा. ‘दादा, तुम्हाला भाकरी मऊ पडलेली मिळाली, याचं वाईट वाटलं. पावसाळ्यात दमट हवेनं असं होतं, आता आम्ही दुहेरी पिशवीत बांधतो. पुन्हा याल तेव्हा आवर्जून सांगा.’ हे उत्तर त्या एका माणसासाठी नसतं. पुढे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतं की या बाया ऐकून घेतात आणि सुधारतात. खरी तक्रार काढून टाकता येत नाही, आणि ती काढायला जाऊही नये. मात्र कुणी शिवीगाळ केली, जातीवरून किंवा बाईपणावरून घाण लिहिलं, तर त्याची तक्रार गूगलकडे करता येते. ती जरूर करा.

आमच्या नोंदीवर कानडीतही लिहिलेलं येतं, कारण कलबुर्गीकडची माणसं या रस्त्यानं येतात. फोन त्याचं भाषांतर करून दाखवतो. आम्ही उत्तर मराठीतच देतो, तेही त्यांना कळतं.

फोन येईल तेव्हा

नोंद झाली की काही दिवसांत फोन येऊ लागतात. ‘मॅडम, गूगलवरून बोलतोय, तुमची नोंद उद्या बंद होणार, एवढे पैसे भरा.’ किंवा ‘पहिल्या नंबरावर आणतो, वर्षाचं पॅकेज घ्या.’ किंवा ‘तुमच्या फोनवर कोड आलाय तो सांगा.’ तिन्हीला एकच उत्तर, फोन ठेवा. नोंदीचे पैसे नसतात, पहिल्या नंबराची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि फोनवर आलेला कोड म्हणजे पेटीची किल्ली. ती फोनवर कुणालाही द्यायची नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जेवढं लवकर कळवाल तेवढी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. घरी कुणी रागावेल म्हणून गप्प बसू नका.

दर महिन्याला एक नजर

मॅपवर कुणीही अनोळखी माणूस ‘ही माहिती चुकीची आहे’ असं सुचवू शकतो, आणि कधी कधी आपली वेळ किंवा नंबर त्यामुळे बदललेला दिसतो. म्हणून महिन्यातून एकदा बैठकीत नोंद उघडून बघायची. नाव, नंबर, वेळ, खूण, नवे स्टार. दहा मिनिटांचं काम आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री आपण पाठ म्हणतो. त्याच बैठकीच्या शेवटी हेही बसतं.

किती जणांनी नोंद पाहिली, किती जणांनी फोन केला, किती जणांनी रस्ता विचारला, हे आकडे नोंदीतच दिसतात. ते बघाच, पण आपल्या विक्रीच्या वहीतही एक रकाना वाढवा. ‘कसं कळलं?’ असं प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा आणि लिहा, बोर्ड पाहून, ओळखीतून की मॅपवरून. तीन महिन्यांनी तुमच्याच वहीतून कळेल, कष्ट कुठे घालायचे.

मॅपकडून फार अपेक्षाही ठेवू नका. तो गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणतो. पुढे चव, माप आणि बोलणं आपलं. आडवाटेच्या गावाला मॅप हमरस्त्यावर आणू शकत नाही. आठवडी बाजार, प्रदर्शन, ओळखीची गिऱ्हाइकं हे सगळं चालू ठेवायचंच. फक्त आपलं नाव विचारत कुणी आलं, तर त्याला आपण सापडलो पाहिजे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीसाठी तीन कामं. एक, कुणाच्याही फोनवर आपल्या गटाचं किंवा धंद्याचं नाव टाकून बघा. तिथे काय दिसतं, फोन कुणाचा दिसतो, ते वहीत लिहा. दोन, नोंद आधीच झालेली असेल तर ती कुणाच्या खात्यावर आहे ते विचारा, आणि गटाच्या खात्यावर मालकी घ्या. देणारा घरचा असला तरी घ्या, प्रेमानं मागा पण घ्या. तीन, नोंद नसेल तर खातं गटाच्या नावानं काढायचा ठराव करा आणि दोघींची नावं लिहा.

घर, शेत, सातबारा यांवर आपलं नाव लागायला आपल्या आज्या-आयांना किती वाट बघावी लागली, ते आपल्याला ठाऊक आहे. पुष्कळ जणींचं अजूनही लागलेलं नाही. ही एक जागा नवीन आहे, तिच्यावर अजून कुणाचं नाव लागलेलं नाही. ते पहिल्या दिवसापासून आपलंच लागू द्या.